शेरीफच्या कादंबऱ्या घरी नेण्याआधी
(सभासदांसाठी माहितीपत्रक)

सप्रेम नमस्कार.

"बदलून द्या हे पुस्तक. खून होऊन शंभर पानं झाली आणि हा शेरीफ लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमात बसलाय." ही तक्रार काउंटरवर वरचेवर येते. दुसरी तक्रार असते ती पुस्तक पूर्ण वाचलेल्यांची: शेवट पटला नाही, खुनी एकदम कुठून उपटला ते कळलं नाही. कसं वाचलंत म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: "मधलं घरचं होतं ते गाळलं."

तर मुद्द्याचं आधीच सांगतो. शेरीफच्या कादंबरीत, म्हणजे अमेरिकेतला शेरीफ खुनाचा तपास करतो त्या रहस्यकथेत, घरची पानं गाळू नका. या एका सवयीपायी तुमचे चार दिवस फुकट जातात, तेच पुस्तक पुन्हा न्यावं लागतं आणि मागे नंबर लावून बसलेल्या सभासदाचा खोळंबा होतो.

घर आणि तपास इतके एकमेकांत का मिसळलेले असतात, ते शेरीफची नोकरी पाहिली की समजतं. आपल्याकडे मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे एका वर्षाचं मानाचं पद. दिलीपकुमार झाले, सुनील गावसकर झाले. त्यांच्या हाती ना पोलीस, ना तुरुंग. अमेरिकेतल्या काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, शेरीफकडे दोन्ही असतं. गस्त, काउंटीचा तुरुंग, कोर्टाचा बंदोबस्त, समन्स बजावणं, भाडेकरूला घराबाहेर काढण्याच्या हुकमाची अंमलबजावणी, सगळं त्याच्याच कचेरीतून चालतं. शहराच्या पोलीस प्रमुखाची नेमणूक होते, शेरीफ मात्र बहुतेक राज्यांत निवडून येतो, साधारण चार वर्षांसाठी. म्हणजे ज्याच्या दारात तो चौकशीला जातो त्याच्याकडेच पुढच्या वर्षी मत मागायला जायचं असतं. संशयित कधी बायकोचा शाळासोबती निघतो, तर साक्षीदार मुलाचा बेसबॉलचा कोच.

वस्तीचाही विचार करा. अमेरिकेतलं वायोमिंग राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या साधारण चार-पंचमांश, पण 2020 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 5,76,851 भरली, आणि तीही 23 काउंट्यांत विखुरलेली. अशा ठिकाणी हाताखाली मोजके डेप्युटी, सरकारी प्रयोगशाळा लांब, रक्ताचा अहवाल यायला कित्येक आठवडे. तोवर शेरीफ करणार काय? घरी जेवणारच. लेखक त्याला जेवायला बसवतो तेव्हा तो पानं भरत नसतो. लहान गावातला तपास असाच चालतो, थांबत थांबत, आणि बातम्या जेवणाच्या टेबलावर येतात.

पूर्वी तर घर आणि कचेरी यांत भिंतीचंच काय ते अंतर असे. पुष्कळ काउंट्यांत शेरीफचं बिऱ्हाड तुरुंगाला लागूनच असायचं आणि कैद्यांचा स्वयंपाक शेरीफची बायको करायची. इंडियाना राज्यात क्राउन पॉइंट गावी अशी वास्तू आहे. तिथले शेरीफ रॉय हॉली 1933 मध्ये कामावर असताना गोळी लागून गेले आणि पद पत्नी लिलियन यांच्याकडे आलं. पुढच्याच वर्षी 3 मार्चला जॉन डिलिंजर हा बँका लुटणारा दरोडेखोर त्यांच्या तुरुंगातून पळाला, तोही त्यांचीच सरकारी गाडी घेऊन. चोरीची गाडी राज्याची हद्द ओलांडून इलिनॉयमध्ये नेली, म्हणून केंद्राचे तपासनीस त्याच्या मागे लागले. नवरा गमावलेली बाई, त्याचीच खुर्ची, आणि देशभर गाजलेलं पलायन. यातली घरची बाजू काढून टाकली तर सांगण्यासारखं उरतं किती?

आता घरच्या पानांत नेमकं काय दडवलेलं असतं, ते आम्हीच रचलेल्या एका प्रसंगातून दाखवतो. कुठल्याही पुस्तकातला नाही, तेव्हा निर्धास्त वाचा. शेरीफ रात्री उशिरा घरी येतो. बायकोने त्याचं ताट ओव्हनमध्ये झाकून ठेवलंय. वाढता वाढता ती म्हणते, रविवारी चर्चहून येताना गुरांच्या दवाखान्याबाहेर अमक्याची पिकअप उभी दिसली. तेवढ्यात मुलगा नव्या बुटांचे पैसे मागायला येतो, दोघांची वादावादी होते आणि गाडीचा विषय तिथेच राहतो. दीडशे पानांनी प्रयोगशाळेचा अहवाल येतो: मृताच्या रक्तात झायलाझिन, म्हणजे जनावरांना गुंगी आणायचं औषध. दवाखाना रविवारी बंद असतो. ज्याने ते जेवण वाचलंय तो इथे ताठ बसतो. ज्याने गाळलंय तो काउंटरवर येऊन म्हणतो, खुनी कुठून उपटला?

बाबूराव अर्नाळकरांच्या वेगावर वाढलेल्या वाचकाला सुरुवातीला हे संथ वाटणार, हे आम्हालाही मान्य आहे. तो आनंद निराळा आणि त्याची कपाटंही आमच्याकडे भरलेली आहेत. पण शेरीफच्या कादंबरीला पहिली साठ-सत्तर पानं द्या. माणसांची नावं आणि नाती मनात बसली की पुढचा वेग आपोआप येतो. नावांचा घोळ होत असेल तर खुणेच्या पट्टीवर लिहून ठेवा. पट्टी आम्ही प्रत्येक पुस्तकात घालतो ती त्यासाठीच. पुस्तकात मात्र पेन्सिलही लावू नका. खुन्याच्या नावाखाली रेघ ओढलेलं पुस्तक पुढच्या माणसाच्या हाती देताना फार वाईट वाटतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आम्ही क्रेग जॉन्सन यांची वॉल्ट लाँगमायर मालिका सुचवतो. काउंटी काल्पनिक, पण मुलूख वायोमिंगचा. पहिलं पुस्तक 'द कोल्ड डिश', 2004 सालचं. लाँगमायर विधुर आहे, मुलगी केडी दूर फिलाडेल्फियात वकिली करते, आणि बापलेकीच्या फोनवरच्या बोलण्यात बरंच काही घडत असतं. तिसऱ्या पुस्तकात तो तिला भेटायला फिलाडेल्फियाला जातो आणि तिच्यावरच हल्ला होतो. त्या प्रसंगी तुमच्या पोटात गोळा यावा असं वाटत असेल, तर आधीच्या दोन पुस्तकांत ती तुमच्या ओळखीची झालेली असायला हवी. म्हणून आम्ही मालिका क्रमानेच देतो. मधला भाग हातात असूनही "आधी पहिला न्या" म्हणतो, यावर काही सभासद रागावतात. टीव्हीवर पाहिलंय, म्हणून पुढून सुरू करतो असंही सांगतात. पण टीव्ही मालिकेत पुष्कळ बदल केलेले आहेत. पडद्यावरची ओळख पुस्तकाला पुरत नाही.

फोनवर शेवट विचारू नका, आम्ही सांगत नाही. अर्धवट वाचलेलं पुस्तक आणलंत तर बदलून जरूर देऊ. फक्त कुठल्या पानावर सोडलंत ते विचारू. पुष्कळदा पुढच्या दहा-पंधरा पानांतच गोष्ट पकड घेणार असते. तसं असेल तर "आणखी दोन दिवस ठेवा" म्हणू आणि त्या दोन दिवसांचा दंड लावणार नाही.

शेरीफचं कपाट काउंटरच्या डाव्या हाताला आहे. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर मालिकेतला क्रमांक आम्ही हाताने लिहून ठेवलाय, कारण मुखपृष्ठावर तो सहसा नसतो. 'द कोल्ड डिश'च्या दोन प्रती केल्या आहेत, त्यामुळे पहिल्या भागासाठी फार थांबावं लागत नाही. दोन पुस्तकांची वर्गणी असेल तर पहिला आणि दुसरा भाग एकदमच न्या. दुसरा संपत आला की फोन करा, तिसरा तुमच्या नावाने काढून ठेवतो. मे महिन्याच्या सुट्टीसाठी पहिले तीन भाग एकत्र हवे असतील, तर एप्रिल संपायच्या आत नाव नोंदवा.