घरपट्टी आणि पालिकांचा खर्च (गोवा)

घरपट्टी हा गोव्यातील पालिका आणि पंचायती घरे, दुकाने व इतर इमारतींवर आकारतात तो वार्षिक कर. शहरांत 13 पालिका तो गोवा नगरपालिका कायदा, 1968 नुसार घेतात, तर पणजी महापालिका 2002 च्या स्वतंत्र कायद्यानुसार. पंचायतींना हा अधिकार 1994 च्या पंचायतराज कायद्याने दिला. पालिकेला स्वतःच्या म्हणाव्या अशा उत्पन्नाच्या वाटा थोड्याच, आणि त्यांतली दरवर्षी खात्रीने येणारी हीच. त्यामुळे घरपट्टी किती असावी आणि तिच्यातून आधी काय भागवावे, हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात.

2011 च्या जनगणनेत गोव्याची 62.17 टक्के लोकसंख्या शहरी ठरली. हे प्रमाण देशातील राज्यांत सर्वाधिक होते. मात्र नोंदलेल्या 70 शहरांपैकी 56 ‘जनगणना शहरे’ होती, म्हणजे कारभार पंचायतीचा आणि वस्ती शहराची. कळंगुट हे त्याचे ठळक उदाहरण.

पाणी आणि वीज परंपरेने राज्य सरकारच्या खात्यांकडे आहेत. पालिकेकडे उरते ते झाडलोट, कचरा, गटारे, बाजार, अंतर्गत रस्ते, उद्याने आणि कामगारांचे पगार. ही कामे दिसायला किरकोळ, पण रोजची. एखाद्या नव्या इमारतीची पायाभरणी वर्षभर पुढे ढकलता येते. गटार उपसणे जूनच्या पुढे ढकलता येत नाही. पणजीत मळा आणि 18 जून रस्ता मोठ्या सरीत तुंबतो, तेव्हा पाणी थेट दुकानांच्या उंबऱ्याशी येते. उपसलेला गाळ उचलून न नेता गटाराच्या काठावरच ठेवला, तर पहिल्याच पावसात तो परत आत जातो आणि त्याच कामाचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. अंदाजपत्रकात सुशोभीकरणाआधी गाळ वाहून नेणाऱ्या ट्रकची तरतूद असायला हवी, ती यासाठी.

कचऱ्याच्या बाबतीत चालढकलीची किंमत मडगावने पाहिली आहे. सोनसोडो येथे वर्षानुवर्षे साठलेल्या ढिगाला मे 2019 मध्ये मोठी आग लागली आणि धुराचा त्रास भोवतालच्या वस्तीने सोसला. पणजीने घरोघरी वर्गीकरणाची वाट धरली. घरातच ओला-सुका कचरा वेगळा केला, की वाहतूक आणि विल्हेवाट दोन्हींचा खर्च उतरतो. करदात्याला दिलासा देण्याचा याहून सरळ मार्ग पालिकेपाशी नाही.

दर परवडणारे ठेवणे म्हणजे ते वर्षानुवर्षे गोठवणे नव्हे. दीर्घकाळ न बदललेली घरपट्टी एकदम वाढवली, की नागरिक पालिकेवर धडकतात, पालिका मंडळ वाढ मागे घेते आणि गाडी तिथेच अडते. ठरावीक काळाने थोडी थोडी वाढ लोक सोसतात. पंधराव्या वित्त आयोगाने शहरी संस्थांच्या अनुदानासाठी राज्यांना मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची आणि पुढे वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या वाढीच्या गतीने वाढवण्याची अट घातली. 2021-26 च्या त्या अनुदानातला मोठा भाग पाणी व स्वच्छता यांनाच बांधलेला होता, आणि मोकळा भागही पगारासाठी वापरता येत नव्हता. झाडूवाल्याचा पगार अखेर स्थानिक करातूनच द्यावा लागतो.

म्हणून दराआधी थकबाकीकडे पाहावे. मालक परदेशात आणि घराला कुलूप, अशी घरे गोव्यात वाड्यावाड्यांवर आहेत. त्यांची बिले साचत जातात आणि वेळेवर भरणाऱ्यावर भार येतो. केंद्र सरकारच्या मालमत्तांना राज्यघटनेच्या कलम 285 नुसार कर लागू होत नाही. वास्कोसारख्या, नौदल आणि रेल्वे असलेल्या शहराला हे जाणवते. मात्र 2009 च्या सर्वोच्च न्यायालयातील निकालानंतर सेवाशुल्काचा मार्ग खुला आहे: सेवेच्या प्रमाणात मालमत्ता कराच्या 75, 50 किंवा 33⅓ टक्के.

दुसरी वाट सोपोची. बाजारात बसणाऱ्यांकडून पालिका घेते ते जागाशुल्क म्हणजे सोपो. वसुलीचे कंत्राट पावणीने, म्हणजे लिलावाने दिले जाते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याची केळी, मिरच्या, मातीची भांडी घेऊन बायका पहाटेच जागा धरतात. त्यांच्याकडून नेमके किती घेतले आणि पालिकेत किती जमा झाले, याचा ताळा पावतीपुस्तकावरूनच लागतो. पावती न देता घेतलेला प्रत्येक रुपया विकणारीच्या कमाईतून जातो आणि पालिकेपर्यंत पोचत नाही. पालिकेच्या गाळ्यांची जुनी, नाममात्र भाडी वेळच्या वेळी सुधारली, तर घरपट्टीवरचा ताण तेवढाच हलका होतो.

परवडण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक होतो तो मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांच्या, घरांपाशी. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, घर मुंडकाराचे, आणि घरपट्टीची पावती अनेकदा मुंडकाराच्या नावाची. ही पावती मालकीहक्क देत नाही. तरीही 1975 च्या मुंडकार संरक्षण कायद्याखाली मामलेदारासमोर, आपण या घरात पूर्वापार राहतो हे दाखवायला तीच काढली जाते. अशा घरांत जुन्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या असतात. हप्ता न परवडल्याने एखाद्या वर्षाची पावती राहिली, तर पालिकेचा थोडा महसूल बुडतो. त्या कुटुंबाच्या पुराव्यात मात्र एका वर्षाची फट पडते.