ओळखीचा हात

लेकीचं पहिलं बाळंतपण करायला मी ऑकलंडला पोचले तेव्हा तिला ३६वा आठवडा लागला होता. तिसऱ्या दिवशी तिची मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करायचं रीतसर शिक्षण घेतलेली बाई, घरी आली. बूट दारात काढले, हात धुतले, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि मगच लेकीच्या पोटावर ठेवले. बाळाचं डोकं कुठं, पाठ कुठल्या अंगाला, हे बोटांनी चाचपत होती आणि बोलत होती मात्र लेकीच्या झोपेबद्दल. मग शिंप्याकडे असते तसली टेप काढून तिनं गर्भाशयाच्या वरच्या टोकापासून खाली जांघेतल्या हाडापर्यंत माप घेतलं. ३५ सेंटीमीटर.

तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवूनही या मापातली खुबी मला तिथंच उमगली. साधारण २४व्या आठवड्यानंतर जितके आठवडे झाले तितके सेंटीमीटर हे माप भरतं. दोन-तीनचा फरक चालतो. पण टेप किती ताणायची, टोक नेमकं कुठं धरायचं, हे माणसागणिक बदलतं. दर खेपेला नवा हात मोजत असेल, तर बाळ वाढलं की हात बदलला ते सांगता येत नाही. एकच हात महिनोन् महिने मोजत राहिला की त्या आकड्यांची एक रेघ तयार होते, आणि बाळाची वाढ खुंटायला लागली तर ती रेघ आधी वाकते.

रक्तदाबाचंही तेच. लेकीचा रक्तदाब पहिल्यापासून कमी, ९५/६० च्या आसपास. ३८व्या आठवड्यात तो १२४/८० आला. कुठल्याही नव्या माणसानं तो आकडा पाहून ‘नॉर्मल’ म्हटलं असतं आणि त्यात काही चूक नसती, कारण धोक्याची रेषा १४०/९० ला आखलेली आहे. मिडवाइफनं मागची पानं उलटली. लघवीत प्रथिनं जातात का ते पट्टी बुडवून पाहिलं, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं काजवे चमकतात का, विचारलं आणि दोन दिवसांनी पुन्हा आली. गरोदरपणातला प्रीएक्लॅम्पसिया हा आजार मूत्रपिंड, यकृत, मेंदू सगळ्यांवर घाला घालू शकतो आणि कित्येकदा गुपचूप येतो. नुसता दाब थोडा चढला म्हणून त्याचं निदान होत नाही, पण लक्ष ठेवायला तेवढं कारण पुरतं. लेकीचं पुढं सगळं सुरळीत झालं.

या मिडवाइफला रजेवर जायचं असलं तर तिच्या जागी येणारी दुसरी मिडवाइफही लेकीला आधीच भेटवलेली होती. फोन कधीही करायची मुभा. मी विचारलं, ‘केवढं बिल होतं गं हिचं?’ लेक म्हणाली, ‘काही नाही आई, सरकार देतं.’ न्यूझीलंडनं १९९० साली कायदा बदलून मिडवाइफना डॉक्टरच्या सहीशिवाय बाळंतपणाची जबाबदारी घ्यायची परवानगी दिली. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, गरजेची औषधं, सगळं त्या लिहून देऊ शकतात. बऱ्याचशा मिडवाइफ कुणाच्या नोकरीत नसतात, स्वतःचा व्यवसाय करतात, पण पैसे देते सरकारी तिजोरी. आज तिथल्या दहातल्या नऊहून अधिक बायका आपली मुख्य जबाबदारी मिडवाइफकडेच सोपवतात. गरोदरपण, बाळंतपण आणि बाळ चार-सहा आठवड्यांचं होईपर्यंत तीच बाई. दुसरीकडे इंग्लंडमध्ये सरकारी सेवेबाहेरची अशी मिडवाइफ हवी असेल तर स्वतःच्या खिशातून पैसे मोजावे लागतात. त्यातही २०१७ च्या जानेवारीत त्यांची विम्याची सोय अपुरी ठरवली गेली आणि अनेक स्वतंत्र मिडवाइफना प्रसूतीला हजर राहणंच थांबवावं लागलं. ज्यांनी महिनोन् महिने एकीवर भरवसा टाकला होता त्या गरोदर बायकांचं काय झालं असेल, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

कळा सुरू झाल्या त्या रात्री अकराला. लेकीनं फोन लावला. मिडवाइफ फारसं काही विचारत नव्हती, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होती. मला आधी राग आला. मग लक्षात आलं, ती ऐकत होती. कळ आली की लेकीचं वाक्य तुटतं का, श्वास कसा बदलतो, कळ ओसरल्यावर ती पुन्हा बोलायला लागते का. लेक अजून कळांमधूनही बोलत होती. ‘घरीच थांब, गरम पाण्यानं अंघोळ कर, झोप आली तर झोप,’ असं सांगून तिनं फोन ठेवला. पहाटे चारला लेकीचं बोलणं बंद झालं, तेव्हा ती आली आणि तपासून आम्हाला घेऊन हॉस्पिटलला निघाली.

घरी थांबवण्यामागं शरीराचं एक गणित आहे. कळा आणणारं संप्रेरक ऑक्सिटोसिन. बाळाचं डोकं पिशवीच्या तोंडावर दाबलं की मेंदूकडे निरोप जातो, ऑक्सिटोसिन सुटतं, कळ येते, डोकं आणखी दाबतं, आणखी ऑक्सिटोसिन सुटतं. हे चक्र स्वतःच स्वतःला वेग देत जातं. पण भीती वाटली की अॅड्रिनॅलिन वाढतं, आणि गर्भाशयाच्या स्नायूंवर त्याला प्रतिसाद देणारे बीटा-२ नावाचे ग्राहक, म्हणजे निरोप टिपणारे रेणू, असतात. त्यांना अॅड्रिनॅलिन चिकटलं की स्नायू सैल पडतो. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल याच जातीच्या ग्राहकांवर काम करून श्वासनलिका सैल करतं, आणि अवेळी सुरू झालेल्या कळा थोपवायलाही डॉक्टरांनी ते वापरलेलं आहे. म्हणजे घाबरलेल्या बाईचं शरीर कळा थांबवणारं औषध स्वतःच तयार करत असतं. रानातल्या मादीला हे उपयोगाचंच, वाघाची चाहूल लागली तर कळा थांबवून पळता यायला हवं. १९६०च्या दशकात नाइल्स न्यूटन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी वेणा देणाऱ्या उंदरिणींना मधेच उचलून दुसरीकडे ठेवलं, तर त्यांची पिल्लं उशिरा जन्मली.

माझ्या स्वतःच्या बाळंतपणात तीनदा ड्यूटी बदलली होती. दर पाळीची नर्स नवी, आणि दर वेळी पहिलाच प्रश्न, ‘चार नंबर, कितवं?’ आईला दाराबाहेर बसवलेलं. माझ्या कळा मंदावल्या, मग सलाईन लावलं. तेव्हा मला वाटायचं, माझ्याच अंगात जोर नव्हता.

१९८० साली ग्वाटेमाला शहरातला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथल्या हॉस्पिटलात नातेवाइकांना आत सोडत नसत. काही बायकांजवळ एक अनोळखी पण प्रेमळ बाई शेवटपर्यंत बसवली. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची, बाकी काही नाही. सोबत असलेल्या बायका दाखल झाल्यापासून सरासरी ८.८ तासांत बाळंत झाल्या, एकट्या बायकांना १९.३ तास लागले. हा हिशेब मात्र गुंतागुंत न झालेल्या जेमतेम ४० बायकांचा. पुढं १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांवरचे प्रयोग एकत्र करून २०१७ साली कॉक्रेन या संस्थेनं आढावा घेतला, तेव्हा वेळेतला फरक आकसून सुमारे ४० मिनिटांवर आला. पण अखंड सोबत मिळालेल्यांमध्ये सिझर एक चतुर्थांशानं कमी झाले होते. शिवाय सोबतीनं कुणाचं नुकसान झाल्याचं दिसलं नाही.

हे नुसत्या सोबतीचं. पहिल्यापासून एकच ओळखीची मिडवाइफ असेल तर? त्याचा कॉक्रेनचा २०२४ चा आढावा १८ हजारांहून अधिक बायकांवरचा आहे. नैसर्गिक प्रसूती ६६ टक्क्यांवरून ७० वर गेल्या, सिझर १६ वरून १५ वर आले. आकडे लहान आहेत, आणि ते मोठे असल्याचा आव मी आणणार नाही. २०१६ च्या आढाव्यात अवेळी जन्म बरेच कमी होतात असं दिसलं होतं, नव्यात तो फायदा तितका ठाम राहिला नाही. हे बहुतेक प्रयोग सधन देशांतले आहेत, हेही ध्यानात ठेवायला हवं.

मिडवाइफ म्हणजे घरीच बाळंतपण, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या ६४ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या खेपेच्या बायकांच्या बाळांना घर आणि हॉस्पिटल यांत फरक पडला नाही. पहिलटकरणींनी घर निवडलं तेव्हा बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण हजारी ९.३ होतं, हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या विभागात ५.३. घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना हॉस्पिटलात हलवावं लागलं. लेकीनं हे आकडे वाचूनच हॉस्पिटल निवडलं होतं, मिडवाइफ मात्र तीच ठेवली. बाळाचे ठोके उतरायला लागल्यावर डॉक्टरांना बोलावणारीही तीच होती. वेळेवर हाक मारणं हे तिच्या कामातलं सगळ्यात नाजूक कौशल्य, आणि पुढं डॉक्टरांनी चिमटा लावला तेव्हाही ती लेकीच्या डोक्याशी उभी होती.

या सेवेची किंमत मिडवाइफही मोजतात. रात्री-बेरात्री फोन, वर्षाला चाळीसेक बायका, सणावारांना खात्री नाही. न्यूझीलंडमध्ये त्यांची संख्या कमी पडते आहे, आणि मोबदला अपुरा म्हणून २०१५ साली त्यांच्या संघटनेनं सरकारला कोर्टात खेचलं होतं.

आपल्याकडे सुईण होती. तिला सगळ्या घराची ओळख असायची, पण हात निर्जंतुक नसायचे आणि रक्तस्राव झाला तर उपाय नसायचा. बाळंतपणं दवाखान्यात गेली आणि जीव वाचले. महाराष्ट्रात २०१८–२० मध्ये लाख जन्मांमागं ३३ मातामृत्यू नोंदले गेले, देशात ९७. पण त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के आणि सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली. सुईण गेली ते बरंच झालं, मात्र तिच्याबरोबर ओळखही गेली.

केंद्र सरकारनं २०१८ साली मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, नर्सना १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण द्यायचं ठरलं. त्या प्रशिक्षित नर्स गावोगावी पोचायला वेळ लागेल. सरकारी दवाखान्यात कळा देताना आपल्या माणसाला, म्हणजे स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या एखाद्या बाईला, जवळ ठेवायची परवानगी मात्र २०१६ पासून आहे. गेल्या वर्षी भाचीनं दवाखान्यात नाव घातलं तेव्हा आम्ही पहिल्याच भेटीत सिस्टरांना विचारून ठेवलं. आयत्या वेळी दारावरच्या माणसानं अडवलं, तेव्हा तो सिस्टरांचा होकार कामी आला. नऊ तास मी तिच्या कमरेत मूठ दाबून उभी होते. कळ ओसरली की ती एवढंच म्हणायची, ‘मावशी, हात काढू नकोस.’