विशाळगड जिंकूनही बादशहा हरला, तो कसा?

आषाढात पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे चालत जाणाऱ्यांची आपल्याकडे दरवर्षी रीघ लागते. 1660 ची ती रात्र सगळ्यांना पाठ असते. त्याच मुलखातून 42 वर्षांनी, 1702 च्या पावसात, औरंगजेबाची छावणी विशाळगडाहून पन्हाळ्याकडे परतत होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. गड तर त्याने घेतला होता. तरी आज गाडीने दोन-अडीच तासांत उरकणारी वाट तुडवायला त्या फौजेला 38 दिवस लागले. ओढ्यांना पूर, जनावरं चिखलात रुतलेली, दाणागोटा संपलेला. मोठी सत्ता लांबलेल्या युद्धात कशी खचते हे समजून घ्यायला कोल्हापूरकरांनी व्हिएतनाम किंवा अफगाणिस्तानपर्यंत जायलाच हवं असं नाही.

सुरुवात 1681 ची. शहजादा अकबर बंड करून छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला आणि त्याच्या मागोमाग बादशहा दक्षिणेत उतरला, तो पुन्हा उत्तरेला गेलाच नाही. 1686 मध्ये विजापूर पडलं, 1687 मध्ये गोवळकोंडा. फेब्रुवारी 1689 मध्ये संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले. त्यांच्यावर चालून गेलेला मुकर्रबखान तोवर कोल्हापूरलाच तळ देऊन होता. 11 मार्चला महाराजांची हालहाल करून हत्या झाली. त्याच वर्षाच्या शेवटी रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले. दोन सुलतानशाह्या बुडालेल्या, मराठ्यांची राजधानी हातात. बादशहाच्या दृष्टीने आता आवराआवर तेवढी उरली होती.

माझ्या मते तो हरला तो इथेच. ज्याच्याशी तह करता आला असता तो राजाच त्याने मारला. राजाराम महाराज पन्हाळ्यावरून वेषांतर करून तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्याकडे निसटले. मागे रामचंद्रपंत अमात्य ‘हुकुमतपनाह’, म्हणजे सर्वाधिकारी म्हणून इथला कारभार पाहू लागले. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव खानदेशापासून कर्नाटकापर्यंत मोगलांना झोडपत फिरू लागले. (कागल तालुक्यातल्या कापशीला ‘सेनापती कापशी’ म्हणतात, ते संताजींच्या घराण्यामुळे.) सरदारांना वतनांची, सरंजामांची आशा दाखवली गेली. शिवाजी महाराजांनी वतनदारीला घातलेला आवर त्यामुळे सुटला आणि त्याची किंमत स्वराज्याला पुढे मोजावी लागली, हेही खरं. पण त्या घडीला प्रत्येक सरदार आपापल्या मुलखासाठी जिवावर उदार होऊन लढत होता. एकाला फोडलं तरी दुसरा उभाच. संपूर्ण शरणागती लिहून देऊ शकेल असा माणूसच समोर उरला नव्हता.

जिंजीच्या वेढ्यात मोगल सरदार झुल्फिकारखानाची जवळपास आठ वर्षं गेली, आणि 1698 मध्ये किल्ला पडायच्या आत राजाराम महाराज निसटलेही. दरम्यान 1695 च्या अखेरीस संताजींनी दोड्डेरीला कासिमखानाची फौज कोंडून उपाशी पाडली आणि पाठोपाठ 1696 मध्ये हिंमतखानाला मारलं.

मग 1699 मध्ये, ऐंशी ओलांडलेला बादशहा भीमाकाठची ब्रह्मपुरीची छावणी सोडून स्वतः गडांच्या मागे लागला. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. यातल्या बहुतेक गडांची गोष्ट एकच आहे. मराठ्यांनी गड महिनोन्‌महिने झुंजवायचा. पाऊस तोंडावर आला की बादशहाला घाई होणार, तेव्हा पैसे घेऊन, शिबंदी सुखरूप बाहेर काढून गड खाली करायचा. विशाळगडाला वेढा पडला डिसेंबर 1701 मध्ये, आणि गड लढवणाऱ्या परशुराम त्र्यंबकांनी तो सोडला जून 1702 मध्ये, दोन लाख रुपये घेऊन. म्हणजे मृगाच्या तोंडावर! ज्याने सह्याद्रीचा पाऊस अंगावर घेतला आहे त्याला यातली मेख लगेच कळेल. मोगलांना ओस गड आणि परतीची ती वाट मिळाली, मराठ्यांना पुढच्या लढाईचा खर्च. पुढे बादशहाची पाठ वळली की एकेक गड परत घेतला जाई.

हा सगळा डोलारा तोलणारा पैसा कुठून येत होता? मनसबदाराला, म्हणजे बादशाही हुद्देदाराला, पगारापोटी जहागीर, म्हणजे गावांचा महसूल मिळे, पण दख्खनची जहागीर म्हणजे उजाड गावं, आणि त्या गावांत मराठे चौथाई, सरदेशमुखी हे महसुलातले आपले हिस्से वसूल करून गेलेले. त्यात मराठा सरदारांना फितवायचं म्हणून नवे मनसबदार नेमले जात होते. हजारी, म्हणजे हजाराच्या दर्ज्याच्या, आणि त्यावरच्या मनसबदारांत 1658 ते 1678 या काळात 486 पैकी 27 मराठे होते. 1679 ते 1707 मध्ये 575 पैकी 96. माणसं वाढली आणि वाटायला जहागिरी उरल्या नाहीत. शिपायांचे पगार थकले, आणि बादशाही सरदार मराठ्यांशी आतून समझोते करून आपापली कातडी वाचवू लागले. मनुची हा इटालियन लिहितो की त्या छावणीत वर्षाला लाखभर माणसं आणि तीन लाख जनावरं मरत. आकडा फुगवलेला असेल, पण डोळ्यांसमोरचा विध्वंस त्याला तेवढा मोठा वाटला.

मार्च 1700 मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. बादशहाला वाटलं, आता सुटलो. महाराणी ताराबाई तेव्हा जेमतेम पंचविशीत होत्या. आपल्या लहान मुलाला, धाकट्या शिवाजीला, गादीवर बसवून त्यांनी सूत्रं हातात घेतली आणि युद्धच मोगलांच्या घरात नेलं. मराठी घोडी नर्मदा ओलांडून माळव्यात शिरली, 1706 मध्ये गुजरातेत. कावळा नाक्यावरच्या त्यांच्या पुतळ्याजवळून रोज हजारो गाड्या जातात. त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की या बाईंनी सात वर्षं थेट औरंगजेबाला तोंड दिलं? शाळेच्या पुस्तकात त्यांना मिळते त्याहून कितीतरी जास्त जागा त्यांची आहे.

1703 मध्ये शाहूंना सोडून तह करायची बोलणी झाली आणि फिसकटली. 1706 च्या सुरुवातीला थकलेली छावणी अहमदनगरला पोचली. 3 मार्च 1707 ला बादशहा तिथेच मेला. त्याच्या मुलांत गादीसाठी लढाई जुंपली, शाहू सुटून आले, आणि मराठ्यांच्याही घरात दोन वाटे झाले. 1710 मध्ये ताराबाईंनी करवीरची वेगळी गादी मांडली ती पन्हाळ्यावर. नऊ वर्षांपूर्वी बादशहाने जातीने येऊन घेतलेला गड तो हाच.