पूर्व फुलहॅम, १९३३: एका पराभवाचा अर्थ

लंडनमधल्या पूर्व फुलहॅमची जागा हुजूर पक्षाने १९३१ मध्ये तब्बल १४,५२१ मतांनी जिंकली होती. खासदार केनियन वॉन-मॉर्गन वारले आणि २५ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथे पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाचे जॉन विल्मॉट ४,८४० मतांनी निवडून आले. हुजूर पक्षाची मते २३,४३८ वरून १२,९५० वर घसरली, मजूर पक्षाची ८,९१७ वरून १७,७९० वर गेली. या दोन पक्षांची मिळून मते मात्र जेमतेम सोळाशेने घटली. तेव्हा हुजूर मतदार घरी बसले म्हणून हे झाले, असे म्हणता येत नाही.

अकराच दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, हिटलरने निःशस्त्रीकरण परिषदेतून आणि राष्ट्रसंघातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले होते. हुजूर उमेदवार विल्यम वॉल्ड्रन संरक्षण बळकट करा म्हणत होते, तर विल्मॉट निःशस्त्रीकरणाची बाजू मांडत होते. साहजिकच हा शांततेचा कौल ठरला.

पण फुलहॅमच्या चाकरमान्या घरांत रोजचा प्रश्न वेगळा होता. घरे अपुरी होती, भाडी चढी होती. त्यात १९३१ पासून बेकारी भत्त्याला उत्पन्न-तपासणीची अट लागली होती. अधिकारी घरी येऊन कोण किती कमावतो ते विचारी. मुलगा चार पैसे मिळवत असला, की बेकार बापाचा भत्ता कापला जाई. ज्याने आयुष्यभर घर चालवले, त्याने आता मुलाच्या पगारावर बसायचे! हा अपमान लोक विसरले असतील, हे मला पटत नाही. तेव्हाचे अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनीही खासगी पत्रात लिहिले होते, की खरा मारा या तपासणीवरच झाला, असे त्यांच्या कानावर आले आहे.

तरीही पुढे रूढ झाली ती हुजूर पक्षाचे नेते स्टॅन्ली बाल्डविन यांची मांडणी. पंतप्रधान असताना, १२ नोव्हेंबर १९३६ रोजी, शस्त्रसज्जतेला उशीर का झाला याचे उत्तर देताना त्यांनी संसदेत फुलहॅमचा दाखला दिला: निव्वळ शांततावादाच्या मुद्द्यावर ती जागा सुमारे ७ हजार मतांनी गेली, असे ते म्हणाले. आकडा चुकीचा होता, आणि 'निव्वळ' हा शब्दही. मर्यादित शस्त्रसज्जतेची भाषा करतच सरकारने १९३५ ची सार्वत्रिक निवडणूक लढवली होती आणि त्याच फुलहॅमने विल्मॉटना पाडून हुजूर पक्षाच्या विल्यम अ‍ॅस्टर यांना निवडून दिले होते.