फुलांची हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे : ठसे आणि इंक ब्लेंडिंग

रबराच्या किंवा पारदर्शक फोटोपॉलिमरच्या ठशाने कागदावर फूल उमटवायचे आणि कोरड्या ब्रशने किंवा फोमने शाईच्या छटा एकमेकींत मिसळत त्यात व त्याभोवती रंग भरायचा, या पद्धतीने केलेले घडीचे शुभेच्छापत्र. चित्रकला यावी लागत नाही, कारण रेषा ठशातून तयार मिळते. कौशल्य लागते ते क्रमाचे : कोणती शाई आधी, कोणती नंतर, कागद केव्हा पूर्ण कोरडा हवा आणि ठशावरची शाई केव्हा ओलीच हवी. कार्ड बिघडते ते बहुधा या क्रमात घाई झाल्याने.

बाजारात विकले गेलेले पहिले नाताळ कार्ड १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी काढले. चित्र जॉन कॅलकॉट हॉर्सली यांचे होते. शिळाछापाच्या (लिथोग्राफीच्या) सुमारे हजार प्रती हाताने रंगवल्या गेल्या. १८४० मध्ये सुरू झालेल्या पेनी पोस्टमुळे असे कार्ड धाडणे स्वस्त झाले होते. अमेरिकेत लुई प्रँग यांनी १८७५ पासून रंगीत शिळाछापाची कार्डे आणली. रबरी ठसा शक्य झाला तो चार्ल्स गुडइयर यांच्या रबर-व्हल्कनीकरणामुळे (रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची रीत; पेटंट १८४४), पण दीर्घकाळ त्याचे काम कचेरीतल्या शिक्क्यापुरतेच राहिले. छंद म्हणून ठसेकाम रुजले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः अमेरिकेत. आजची बरीचशी साधने, शाया आणि त्यांची नावेही तिथूनच आलेली आहेत.

कागद आणि माप

कार्डाच्या घडीला २५० ते ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत, न चकाकणारा कार्डस्टॉक लागतो. अमेरिकी पद्धतीचे कार्ड ४.२५ × ५.५ इंचांचे असते. आपल्याकडे ए४ कागद मिळत असल्याने ए६ माप सोयीचे पडते. ए४ कागद मधोमध कापला की १४८ × २१० मिमीचे दोन तुकडे होतात. तुकड्याच्या लांब बाजूवर १०५ मिमीवर घडीची रेघ पाडली की १०५ × १४८ मिमीचे कार्ड तयार. त्याला सी६ पाकीट (११४ × १६२ मिमी) बसते. ठसेकाम शक्यतो थेट कार्डावर न करता ९९ × १४२ मिमीच्या वेगळ्या तुकड्यावर करून तो वर चिकटवावा. भोवती ३ मिमीची कड सुटते आणि काम फसले तर अख्खे कार्ड वाया जात नाही.

घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने पडली पाहिजे. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहावा. ज्या रेघेवर तो कमी जोराने वाकतो, ती तंतूंची दिशा. आडव्या तंतूंवर घडी घातली तर ती तडकते आणि कडेला पांढरे कुसळ दिसते. रेघ पाडल्यावर मागे जो उंचवटा येतो, तो घडीच्या आत राहील अशा बेताने दुमडावे. बरेच जण नेमके उलटे करतात आणि मग कार्ड नीट मिटत नाही.

पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी मिळणारा हातकागद दिसायला देखणा असला, तरी ब्लेंडिंगसाठी तो बहुधा अडचणीचाच. खरखरीत पृष्ठभागावर ठशाची रेघ तुटते, आणि शाई मुरू न देणारा सरसाचा लेप कमी असेल तिथे शाई टेकताक्षणी शोषली जाऊन डाग पडतो. तो कार्डाच्या घडीसाठी वापरावा आणि फूल गुळगुळीत कागदावर करून त्यावर चिकटवावे.

शाया

डाय शाई पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते. ती कागदात मुरते, लवकर वाळते, पारदर्शक दिसते. पण उन्हात फिकट होते. पिगमेंट शाईत रंगाचे कण असतात. ती कागदावर बसते, दाट दिसते, सावकाश वाळते आणि गुळगुळीत चकचकीत कागदावर तर वाळतच नाही. सॉल्व्हंट शाई प्लास्टिकवरही टिकते, पण पारदर्शक ठशांवर डाग ठेवते. ब्लेंडिंगसाठी थोडा वेळ ओली राहणारी डाय शाई उत्तम. रेंजर कंपनीची डिस्ट्रेस शाई याच कारणाने लोकप्रिय झाली. याच मालिकेतली ऑक्साइड शाई (२०१७) डाय आणि पिगमेंट यांचे मिश्रण असून ती अधिक सहज पसरते. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की खडूसारखा फिकट ठिपका उठतो. नवशिक्याने ऑक्साइडपासून सुरुवात केलेली बरी, कारण ब्रशच्या कडा तिच्यात कमी उमटतात.

बाह्यरेषा उमटवून आत अल्कोहोल मार्करने रंग भरायचा असेल, तर रेषेला मेमेंटोसारखी मार्करने न फुटणारी डाय शाई हवी. जलरंग भरायचे असतील तर वाळल्यावर पाण्याला न जुमानणारी. हे उलटसुलट झाले की काळी रेषा पाकळीत उतरते.

ठसा उमटवणे

पारदर्शक ठसा अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर आपोआप चिकटतो आणि खाली कुठे टेकतो आहे ते दिसते. नव्या ठशाच्या पृष्ठभागावर साच्याचा तेलकटपणा असतो. त्यामुळे शाईचे थेंब गोळा होतात आणि छाप ठिपक्याठिपक्यांचा येतो. पांढऱ्या खोडरबराने ठसा हलका घासला की हा दोष जातो. शाई लावताना पॅड ठशावर टेकवत न्यावे, म्हणजे खाचांत शाई भरत नाही. मग सरळ खाली दाबून सरळ वर उचलावे. ठोकळा डोलवला तर दुहेरी कडा येते. मोठ्या भरीव फुलाचा मधला भाग कोरा राहत असेल, तर कागदाखाली पातळ फोमची चटई घ्यावी.

चुंबकाने कागद धरून ठेवणारी ठसा-चौकट असली की एकाच जागी दोनदा-तीनदा छाप देता येतो. थर-ठशांना (एकाच फुलाचे थर एकावर एक उमटवणाऱ्या ठशांना) तर ती जवळपास अपरिहार्यच. झेंडू या पद्धतीने चांगला साधतो : पहिला थर पिवळा आणि भरीव, दुसरा नारिंगी, तिसरा पाकळ्यांच्या मुडपींचा तपकिरी-तांबडा. प्रत्येक थर एकाच रंगकुळातला हवा. मधली छटा पॅडमधून मिळत नसेल, तर गडद शाईचा ठसा आधी रद्दी कागदावर एकदा उमटवावा आणि उरलेल्या शाईचा दुसरा छाप कार्डावर घ्यावा.

जास्वंदीसाठी ठशावरच ब्लेंडिंग करतात. सगळ्या ठशाला गुलाबी पॅड लावायचे आणि पाकळ्यांच्या मुळाशी छोट्या स्पंजाने गडद तांबडा टेकवायचा. फिकट आधी आणि गडद नंतर. उलट केले तर गडद शाई फिकट पॅडवर चढते आणि पॅड कायमचे मळते. शाई ठशावर वाळू लागली, तर उमटवण्याआधी त्यावर तोंडाने वाफ सोडतात.

ब्लेंडिंग

ब्रश दाट, मऊ केसांचा आणि पूर्ण कोरडा असावा. प्रत्येक रंगकुळाला वेगळा. पॅडवर ब्रश टेकवून जादा शाई रद्दी कागदावर काढावी. गोल फिरवण्याची सुरुवात कागदाबाहेर, चटईवर करून हळूहळू आत यावे. पहिला स्पर्श कागदाच्या मधोमध झाला तर तिथे जो गोल डाग पडतो, तो नंतर कितीही रंग चढवला तरी लपत नाही. दाब अगदी हलका ठेवावा. गडदपणा दाबाने येत नाही, थर वाढवून येतो. जोर केला की कागदाचे तंतू उठून गोळ्या होतात.

दोन रंगांची हद्द जिथे येते तिथे आधी फिकट रंग पलीकडे अर्धा इंचभर न्यावा, मग गडद रंग त्याच्यावर आणावा आणि शेवटी फिकट रंगाच्या ब्रशने सांधा पुन्हा फिरवावा. रंगचक्रात समोरासमोर असणारे रंग (तांबडा-हिरवा, नारिंगी-निळा, पिवळा-जांभळा) एकमेकांवर आले की मळकट तपकिरी तयार होतो. लाल फुलाभोवती हिरवी पार्श्वभूमी हवी असल्यास मध्ये पिवळ्याचा पट्टा सोडतात, किंवा फूल झाकून घेतात.

झाकण्यासाठी मास्क वापरतात. हलक्या चिकट कागदावर तोच ठसा उमटवून तो आकार रेषेच्या किंचित आतून कापतात. रेषेच्या बाहेरून कापला तर फुलाभोवती पांढरी किनार राहते. एकावर एक फुले दाखवायची असतील तर सर्वांत पुढचे फूल आधी उमटवून झाकावे लागते, मागची नंतर.

पांढरा चाफा

पांढरी फुले ही या तंत्राची खरी परीक्षा आहे, कारण पांढरा रंग लावायचा नसतो, कागदाचाच राखायचा असतो. पाच पाकळ्यांचा, मध्ये पिवळा असलेला चाफा यासाठी फार चांगला. त्याला पाकळ्यांमधल्या रेषा खोदलेला भरीव ठसा हवा.

आधी जिथे फुलांचे मध्य येणार तिथे पिवळ्या शाईचे मऊ ठिपके ब्लेंड करावेत, प्रत्येक सुमारे रुपयाच्या नाण्याएवढा आणि कडेला विरत जाणारा. ते हीट गनने (खूप गरम हवा सोडणाऱ्या हातयंत्राने) पूर्ण वाळवावेत. हीच पायरी सगळ्यांकडून निसटते. शाई किंचित जरी ओली असली, तरी पुढची एम्बॉसिंग पावडर (ओल्या शाईला चिकटणारी आणि तापवल्यावर वितळून उठावाचा थर होणारी भुकटी) फुलाबाहेरच्या पिवळ्यालाही चिकटते. मग कागदावर अँटिस्टॅटिक पावडरची (भुकटी नको तिथे चिकटू न देणारी) पिशवी फिरवावी आणि व्हर्सामार्कसारखी चिकट, रंगहीन शाई ठशाला लावून फुलाचा मध्य पिवळ्यावर येईल असा छाप द्यावा. लगेच पारदर्शक एम्बॉसिंग पावडर ओतून, जादा झटकून, बाकीची डबीत परत घ्यावी. हीट गन आधी काही सेकंद रिकामी तापवून मग कागदापासून पाच-सात सेंटीमीटरवर धरावी. रवाळ पावडर वितळून चकाकली की गन लगेच पुढे सरकवावी. एकाच जागी जास्त तापवले तर वितळलेला थर कागदात जिरतो, तेलकट डाग दिसतो आणि शाई अडवण्याची ताकद जाते. केस वाळवायचा ड्रायर इथे कामाचा नाही : त्याची उष्णता पुरत नाही आणि वाऱ्याने पावडर उडते.

थंड झाल्यावर पूर्ण कागदावर हिरवट निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत ब्लेंडिंग करावे, फुलांवरूनही बेधडक. वितळलेल्या थरावर राहिलेली शाई कोरड्या मऊ कापडाने पुसली की पाकळ्या पांढऱ्या आणि मध्य पिवळा राहतो. पुसताना कापडाची जागा बदलत राहावी, नाहीतर निळा रंग पाकळ्यांवर फिरत राहतो. शेवटी पाण्याचे बारीक शिंतोडे देऊन थोडा वेळ थांबून टिपले, तर निळ्यावर फिकट ठिपके उठतात.

काय बिघडते

मधेच एखादा गडद किंवा फिकट ठसठशीत डाग दिसला तर तो बहुधा बोटाचा असतो. त्वचेचे तेल शाईला वेगळे वागायला लावते. म्हणून कागद कडेनेच धरावा. रेषेला कुसळे फुटली तर कागद जास्त शोषणारा आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा धरतो : तो वाकतो, पिगमेंट शाई वाळायला फार वेळ घेते आणि एम्बॉसिंग पावडर नको तिथे चिकटते. कागद हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पावडर लावण्याआधी हीट गनने हलका शेकून घ्यावा. फेव्हिकॉलसारखा पाणीदार डिंक पातळ कागदाला लाटा आणतो, त्यामुळे जोडायला दुहेरी टेप बरी.

ठसे काम होताच पाण्याने किंवा अल्कोहोल नसलेल्या ओल्या टिश्यूने पुसावेत. फोटोपॉलिमर उन्हात पिवळा पडतो. डाग राहिला तरी छाप बिघडत नाही, मात्र खाचेत वाळलेली शाई छाप बिघडवते.

मराठी मजकूर

तयार संचांतला मजकूर बहुधा इंग्रजीच असतो. ‘शुभ दीपावली’ किंवा ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ हवे असेल, तर गावातल्या रबरी शिक्के करणाऱ्याकडून ठसा करून घेणे सोपे. त्याला काळ्या रंगातला स्वच्छ मजकूर द्यावा. तो उलटा करून नेऊ नये, ते काम तोच करतो. आपोआप शाई भरणारा शिक्का घेऊ नये, साध्या मुठीचा घ्यावा, म्हणजे हवी ती शाई वापरता येते. अक्षराची उंची ६ मिमीपेक्षा कमी असली तर ‘क्ष’, ‘श्र’ यांच्या गाठी आणि अनुस्वार शाईने भरून जातात. शिरोरेखा किंचितही तिरकी झाली की लगेच डोळ्यांत भरते. म्हणून चौकटीत किंवा आलेख-कागदावर मापून मगच छाप द्यावा.

टपाल

३०० जीएसएमचे ए६ घडीचे कार्ड सुमारे ९ ग्रॅम भरते, वर चिकटवलेला तुकडा ४ ग्रॅम, पाकीट साधारण ४-५ ग्रॅम. भारतीय टपालात पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असल्याने फुलाखाली फोम टेप किंवा मणी लावले की वजन तो टप्पा ओलांडू शकते. वजन करून पाहावे आणि लागेल तितके तिकीट लावावे. फोम टेप १ मिमीची घ्यावी : २ मिमीच्या टेपने पाकिटाला उंचवटा येतो आणि त्यावर शिक्का बसला की उठावाचे फूल दबते. पिगमेंट शाईचे काम निदान एक दिवस उघडे वाळू द्यावे. पाकिटात घालताना वर पातळ ट्रेसिंग कागद ठेवला की रंग पाकिटाला लागत नाही.