पश्चिमेची खिडकी बदलण्याआधी

मे महिन्यात दुपारी चारला नाशिकमधल्या एखाद्या पश्चिमेच्या खोलीत बसून पाहा. पंखा फुल्ल, पडदे ओढलेले, तरी गादीला हात लावला की ती तापलेली. ‘ही खिडकीच बदलू, डबल काच लावू’ हा विचार बहुतेकांना अशाच खोलीत सुचतो. मलाही सुचला होता. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि बेत बदलला.

खिडकीतून उष्णता दोन वाटांनी आत येते. बाहेरची हवा जास्त गरम असल्यामुळे काचेतून उष्णता झिरपते, ही पहिली वाट. चार बाय चार फुटांची साधी एकेरी काच आणि आत-बाहेर दहा अंशांचा फरक धरला, तर या वाटेने साधारण ८५ वॅट येतात. दुसरी वाट थेट उन्हाची. आकाश निरभ्र असेल तर त्या वेळी पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॅटच्या आसपास ऊन पडतं, आणि पारदर्शक काच त्यातलं सुमारे ८० टक्के आत सोडते. आपल्या खिडकीपुरते ते ६०० वॅट झाले. भर उन्हाळ्यात खोलीत छोटा हीटर चालू ठेवल्यासारखंच.

डबल काचेच्या मध्ये हवा कोंडलेली असते. कोंडलेली हवा उष्णता फार हळू पुढे सरकवते, म्हणून ८५ चे ४०-४५ होतात. पण उन्हाच्या दृष्टीने ती आणखी एक पारदर्शक काचच. ६०० मधलं फार तर दहा-पंधरा टक्के ऊन ती अडवते. उन्हाची जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. ते किरण परतवणारा धातूचा अतिशय पातळ लेप दिलेल्या काचा मिळतात. पैसे घालायचेच असतील तर तिथे घालावेत.

आतला पडदा का पुरत नाही? ऊन पडद्यावर पडलं की त्याची उष्णता होते, आणि तापलेला पडदा ती लांब तरंगलांबीच्या किरणांच्या रूपात सोडू लागतो. हे किरण काचेतून आरपार जात नाहीत. ऊन आत येतं, त्याची उष्णता मात्र आतच अडकते. म्हणून सावली काचेच्या बाहेर हवी.

मग छज्जा कशाला आहे, असं वाटेल. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपण त्याला शून्य सावली दिवस म्हणतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीला दीड फुटाचा छज्जा भरपूर होतो. पश्चिमेला गणित फिरतं. चार वाजता सूर्य क्षितिजापासून ४० अंशांच्या आसपास उतरलेला असतो, तेव्हा त्याच छज्ज्याची सावली काचेवर जेमतेम सव्वा फूट येते. पाच वाजता ती नऊ इंचांवर येते. उरलेली काच उघडीच. इथे बांबूची चिक, ओला वाळ्याचा पडदा किंवा दिंडोरी-निफाडकडे रोपवाटिकांवर ताणतात ती शेडनेट जास्त काम करते. पन्नास टक्क्यांची शेडनेट काचेपासून वीतभर बाहेर, वारा खेळेल अशी बांधली की काचेवरचं थेट ऊन निम्म्यावर येतं. मला हा उपाय मनापासून आवडतो, कारण खिडकी बदलायची नसेल तरी तो आजच करता येतो.

बदलायचीच असेल, तर चौकट कशाची हा प्रश्न येतो. अॅल्युमिनियम यूपीव्हीसीच्या, म्हणजे खिडक्यांसाठीच्या कडक प्लास्टिकच्या, हजारपटीने जास्त उष्णता वाहून नेतं, पण चौकटीचं क्षेत्रफळ काचेच्या मानाने लहान असतं. सागवान अजूनही उत्तम, फक्त महाग. माझ्या मते यापेक्षा महत्त्वाची आहे ती भिंत आणि चौकट यांमधली फट. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत चौकटीच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरा: चार फुटांचं अॅल्युमिनियम एक मिलिमीटरने वाढेल, यूपीव्हीसी तीनहून जास्त. फट सिमेंटने ठासून भरली तर वाढायला जागा राहत नाही. चौकट वाकते आणि झडप अडकते. तिथे चिवट, लवचीक सीलंटच हवं.

ही फट सगळीकडे सारखी यायला भोकाचं माप नीट हवं, आणि हत्यारांच्या पेटीची खरी गरज इथे लागते. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजायची आणि सर्वांत लहान माप धरायचं. मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. एवढ्या मोठ्या चौकटीला गुण्यापेक्षा, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीपेक्षा, ही परीक्षा जास्त भरवशाची. उभी रेघ ओळंब्याने पाहावी. आडवी पाहायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते, कारण जोडलेल्या पाण्याची पातळी दोन्ही टोकांना सारखीच राहते. मात्र नळीत बुडबुडा राहू देऊ नये.

स्क्रू ड्रायव्हर चांगल्या पोलादाचा आणि योग्य मापाचा घ्या. स्क्रूच्या डोक्यावरच्या फुलीच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हरचं टोक आपोआप वर सरकतं. टोक लहान असेल तर खाचच घासून जाते आणि स्क्रू ना पुढे ना मागे. पान्याचा दांडा दुप्पट लांब असेल तर तेवढ्याच जोरात दुप्पट पीळ बसतो, म्हणून लहान स्क्रू-नटांना लांब पाना लावू नये.

आणि पश्चिमेचीच भिंत पावसाळ्यात झड झेलते. सरकत्या खिडकीच्या रुळाला बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोकं असतात. ती सीलंटने किंवा मातीने बुजली की पाणी आत ओघळतं. कारागीर निघण्याआधी रुळात तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठून उतरतं ते त्याच्यासोबत उभं राहून पाहा.