जैविक निर्गंधकीकरण

इंधनातील गंधक जिवाणूंच्या, कधी एकाच तर कधी एकत्र वाढणाऱ्या अनेक जातींच्या, साहाय्याने काढून टाकण्याची पद्धत. कोळशातील पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज विरघळवणाऱ्या ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या जिवाणूची नोंद १९४७ च्या सुमारास खाणींतील आम्लयुक्त पाण्यावरून झाली. कोळशातील सेंद्रिय (कर्बाच्या रेणूंना जोडलेल्या) गंधकावर मात्र त्याचा उपाय चालत नाही.

डिझेलमधील डायबेन्झोथायोफिन या गंधकयुक्त वलयी संयुगासाठी अमेरिकेतील संशोधक किलबेन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस वेगळा केलेला आयजीटीएस-८ हा ऱ्होडोकॉकस जिवाणूचा प्रकार सर्वाधिक अभ्यासला गेला आहे. त्याची जात आधी ऱ्होडोक्रस, मग एरिथ्रोपोलिस मानली गेली आणि अलीकडे जनुकक्रमावरून किंगशेंगी ठरवली जाते. जुन्या लेखनाचा मेळ राहावा म्हणून एरिथ्रोपोलिस हे नाव सोयीचे वाटते. हा जिवाणू कर्बसाखळी न मोडता गंधक सल्फाइटच्या रूपात सोडवतो, त्यामुळे इंधनाचे उष्णतामूल्य टिकते. याउलट काही जिवाणूंच्या 'कोडामा' नावाच्या विघटनमार्गात कर्बाचे वलय तुटते आणि गंधक रेणूतच राहतो. सल्फेट साचले की गंधक काढण्यासाठी आवश्यक जनुके मंदावतात, हा शुद्ध (एकाच जातीच्या) संवर्धनाचा मोठा दोष असून मिश्र समुदायाचा पुरस्कार होण्याचे ते एक कारण आहे. भारतात २०२० पासून लागू असलेली डिझेलमधील गंधकाची १० पीपीएमची (दहा लाख भागांत १० भाग) मर्यादा रिफायनऱ्या अद्याप हायड्रोजन प्रक्रियेनेच गाठतात.

बेळगाव सीमाभागात हा विषय डिझेलपेक्षा मळीच्या वाटेने येतो. उसाचा रस पांढरा करण्यासाठी साखर कारखान्यांत गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात. त्यातील काही गंधक मळीत उतरतो आणि मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशमध्ये सल्फेटरूपाने राहतो. स्पेंटवॉशपासून मिथेनयुक्त बायोगॅस बनवणाऱ्या बंद टाकीत एक जिवाणूगट त्याचा कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड करतो, तर तो वायू धुणाऱ्या धुलाईमनोऱ्यातील थायोबॅसिलससारखा दुसरा गट मोजकी हवा मिळाल्यावर त्याचे पिवळट गंधककणांत रूपांतर करतो. म्हणजे गंधक वायूत आणणारे आणि तो काढणारे दोन्ही जिवाणूच. हवा वाढली की कणांऐवजी आम्ल बनते आणि मिथेनमध्ये हवा मिसळण्याचा धोकाही उद्भवतो.

हायड्रोजन सल्फाइड काढण्यासाठी घरगुती गोबर गॅसच्या नळीत गंजलेला लेथचा लोखंडी कीस भरण्याची रीत रासायनिक आहे, जैविक नव्हे. काळा पडलेला कीस उघड्यावर पसरल्यास पुन्हा तांबूस होतो, मात्र तापतोही, म्हणून तो पातळ थरात पसरावा लागतो.